चित्रकार ना. श्री. बेंद्रे : गुरू-शिष्यांची एकच भिंत

आपल्या महाविद्यालयाच्या नावात कला हा शब्द आहे. प्रवेशअर्जावर मी तो लिहिला तेव्हा माझ्या वडिलांनी विचारले की, आता तू चित्रे काढणार का. प्रश्न भाबडा होता, पण बिनबुडाचा नव्हता. कला शाखा म्हणजे मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र. त्यात रंगाची डबी कोठेच नाही, हे घरातून कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली असल्यामुळे मलाच त्यांना समजावून सांगावे लागले. पुढे एका चित्रकाराच्या चरित्राशी गाठ पडली आणि वडिलांचा प्रश्न वाटला तितका भाबडा नाही हे लक्षात आले. या माणसाने बी.ए.ही केले आणि चित्रेही काढली. इतकेच नव्हे, तर चित्र काढूनच जेथे बी.ए. होता येते अशा एका विद्यापीठात त्याने आयुष्याची सोळा वर्षे घातली. त्यांचे नाव नारायण श्रीधर बेंद्रे.

बेंद्रे म्हटले की मराठीच्या वर्गाला धारवाडचे कन्नड कवी द. रा. बेंद्रे आठवतात आणि इतिहासाच्या वर्गाला संभाजी महाराजांचे चरित्रकार वा. सी. बेंद्रे. चित्रकार बेंद्रे कोणालाच चटकन आठवत नाहीत. एरवी ज्यांची चित्रे दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत, त्यांची ओळख करून देण्याची गरज पडू नये. असो.

आधी थोडे आमच्या गावाकडचे सांगते. देवळाली प्रवरेच्या माणसाला विद्यापीठ म्हटले की पुणे आठवत नाही, शेजारचे राहुरी आठवते. तेथील महात्मा फुले कृषि विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. आमचे लोक तेथे जातात ते बियाणे, अवजारे आणि उसाच्या नव्या जाती पाहावयास. आमच्या दृष्टीने विद्यापीठातले प्रदर्शन म्हणजे हेच. त्यात एक गोष्ट मला लहानपणापासून आवडत आली आहे. वाण कोणी काढले, तो प्राध्यापक मोठा की लहान, हे शेत विचारीत नाही. एकरी उतारा किती पडला एवढेच ते सांगते. चित्रांच्या प्रदर्शनातही असेच काही घडू शकते, आणि ते घडवून आणण्याचे धाडस एका मराठी माणसाने बडोद्यात केले, हे सांगण्यासाठी हा लेख.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूरला झाला. इंदूर म्हणजे होळकरांचे संस्थान. आपल्या जिल्ह्याला आता ज्यांचे नाव मिळाले आहे त्या अहिल्यादेवी मूळच्या जामखेड तालुक्यातील चोंडीच्या. त्यांच्या सासरच्या या राज्यात कितीतरी मराठी कुटुंबे जाऊन राहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथलीच झाली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी अशा मध्यमवर्गीय घरात नारायण वाढला.

त्यांच्या गुरूंचे नाव वाचून मी चमकलेच. दत्तात्रय दामोदर देवळालीकर! देवळाली नाशिकजवळही आहे, लष्कराच्या छावणीची, तेव्हा हे आमचेच गावकरी असा दावा मी करीत नाही. पण गावाचे नाव आडनावात घेऊन एक माणूस दूर माळव्यात मुलांना चित्रे शिकवीत होता, एवढ्यानेही मला बरे वाटले.

या देवळालीकर मास्तरांविषयी वेगळा लेख कोणीतरी लिहावयास हवा. त्यांच्या हाताखालून बेंद्रे गेले, डी. जे. जोशी गेले, विष्णू चिंचाळकर गेले, आणि काही काळ मकबूल फिदा हुसेन हा मुलगाही त्यांच्याकडे शिकून गेला. एका संस्थानी गावातल्या एका मास्तराच्या वर्गातून इतकी नावे निघावीत ही साधी गोष्ट नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये तेव्हा प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून तासन्‌तास रेखाटन करून घेण्यावर भर असे. देवळालीकर मुलांना उन्हात नेत. गल्ल्या, घाट, बाजार, झाडे जशी दिसतील तशी रंगवावयास लावीत. सावली काळी नसते, तिच्यात निळा असतो, जांभळा असतो, हे फ्रान्समधल्या चित्रकारांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी शोधलेले सत्य इंदूरची मुले रस्त्यावर बसून पडताळून पाहत होती. मोकळ्या, जाड, तुटक फटकाऱ्यांनी काम करण्याची जी सवय या मुलांच्या हाताला लागली, तिच्यावरून पुढे इंदूरचे चित्रकार ओळखू येऊ लागले.

चित्रकलेचा अभ्यास चालू असतानाच बेंद्रे यांनी आग्रा विद्यापीठाची बी.ए. पदवी १९३३ मध्ये मिळवली. पुढच्याच वर्षी मुंबईची जी.डी. आर्ट ही सरकारी पदविका घेतली. एक पदवी आणि एक पदविका. एका माणसाच्या दोन शिक्षणांना समाजाने दिलेल्या या दोन दर्जांकडे माझे लक्ष पुन:पुन्हा जाते. इतिहासाची पाने पाठ केली तर पदवी, आणि माणसाचा चेहरा हुबेहूब उतरवला तर पदविका! आपल्याकडे शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा असतात. मीही दोन्ही दिल्या. पण त्या देण्याचे कारण आम्हां सर्वांना स्वच्छ माहीत होते : दहावीच्या टक्क्यांत भर पडते. गुण पदरात पडले आणि आमच्या वर्गातल्या बहुतेकांचे ब्रश जे वाळले ते वाळलेच. चित्रकला हा अभ्यास नसून अभ्यासाला लावलेली झालर आहे, ही समजूत फार जुनी आणि फार घट्ट आहे. तरुण बेंद्रे यांच्यासमोर ती आजच्यापेक्षाही घट्ट असली पाहिजे.

त्या काळी चित्रकाराला जगासमोर येण्याचा मोठा दरवाजा एकच होता, तो म्हणजे बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन. ही संस्था १८८८ सालची. चित्रे पाठवावयाची, परीक्षकांनी निवडली तर ती लागणार, आणि त्यातून पदक मिळाले तर नाव होणार. १९३४ मध्ये बेंद्रे यांना तेथे रौप्यपदक मिळाले आणि १९४१ मध्ये सुवर्णपदक. मधल्या सात वर्षांत त्यांनी जे केले ते मात्र एका जागी बसून केलेले नाही. १९३६ ते १९३९ या काळात ते काश्मीरमध्ये, तेथील सरकारच्या प्रवासी खात्यात चित्रकार आणि वार्ताहर म्हणून नोकरीला होते. नंतर काही दिवस मद्रासला चित्रपटांच्या कलादिग्दर्शनाचे काम केले. मग मुंबई. १९४३ मध्ये मुंबईत त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. पायाला भिंगरी लावल्यासारखा हा माणूस देशभर हिंडत होता आणि जेथे जाईल तेथील ऊन कागदावर उतरवीत होता.

या हिंडण्याच्या काळातली एक हकीकत खुद्द हुसेन यांनी सांगून ठेवली आहे. बेंद्रे इंदूरच्या रस्त्यावर बसून निसर्गचित्र काढीत असताना कोवळ्या वयाचा हुसेन त्यांना भेटला, त्याने त्यांना आपल्या घरी नेले आणि आपली चित्रे दाखवली. बेंद्रे यांनी ती पाहून त्याच्या वडिलांना सांगितले की या मुलाला चित्रकलेतच जाऊ द्या. हुसेनचे वडील गिरणीत नोकरी करणारे साधे गृहस्थ. पण परक्या माणसाच्या त्या शब्दावर त्यांनी मुलासाठी मुंबईहून रंग मागवले. ही गोष्ट वाचताना मला हुसेनपेक्षा त्याच्या वडिलांचे अप्रूप वाटले. आमच्यासारख्या घरांत मुलाने काय व्हावे हे ठरवताना कोणातरी शिकलेल्या माणसाचा शब्द फार वजनदार असतो. तो शब्द कोण टाकतो आणि केव्हा टाकतो, यावर सारे अवलंबून असते. मी बारावीनंतर पुढे शिकावे की नाही हेही आमच्याकडे असेच एका संध्याकाळी ओट्यावर ठरले. त्या दिवशी ज्यांनी माझ्या बाजूने शब्द टाकला ते आमच्या नात्याचे नव्हते की गोत्याचे नव्हते.

१९४५ साली बेंद्रे शांतिनिकेतनला जाऊन राहिले. तोवर पस्तिशीला आलेला, सुवर्णपदक मिळालेला हा चित्रकार तेथे नंदलाल बोस, रामकिंकर बैज आणि बिनोदबिहारी मुखर्जी यांच्या सहवासात आला. रवींद्रनाथांच्या या संस्थेत कलाभवन १९१९ पासून चालू होते. तेथे शिक्षक आपले काम कुलूपबंद खोलीत करीत नसे. रामकिंकर यांनी सिमेंट आणि मुरूम वापरून घडवलेले संथाळ कुटुंबाचे शिल्प १९३८ पासून उघड्या अंगणात उभे होते. नंदलाल यांनी काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठी जी चित्रे केली, तीही १९३८ मध्येच, ती विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन केली. शिक्षक काम करतो आहे आणि विद्यार्थी ते पाहतो आहे, कधी हातभार लावतो आहे, अशी ही शाळा. इंदूरला देवळालीकर मास्तरांनी मुलांना उन्हात बसवले होते. शांतिनिकेतनात मास्तर स्वत: मुलांबरोबर उन्हात बसत. बेंद्रे यांनी पुढे बडोद्यात जे केले त्याची मुळे मला या दोन ठिकाणी दिसतात.

पुढे ते अमेरिकेस गेले. न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. येताना युरोपातील संग्रहालये पाहिली. आजवर छापील चित्रांत पाहिलेले सेझान, पिकासो, ब्राक प्रत्यक्ष पाहिल्यावर इंदूरच्या उन्हात तयार झालेल्या डोळ्याला काय वाटले असेल! परतल्यानंतरच्या त्यांच्या चित्रांत आकार कोनाकोनांनी तुटू लागले, रंग सपाट होऊ लागले. पण चित्राचे विषय आपल्याकडलेच राहिले : गायवासरू, गावातल्या बाया, सूर्यफुले.

आता बडोदे. महाराज सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातील गोपाळ. दत्तक जाऊन १८७५ मध्ये ते बडोद्याच्या गादीवर बसले. त्यांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, ग्रंथालये काढली, आणि त्यांच्या नावाचे विद्यापीठ त्यांच्या पश्चात १९४९ मध्ये उभे राहिले. हंसाबेन मेहता या तेथील पहिल्या कुलगुरू. त्यांच्या काळात, १९५० मध्ये, ललित कलांची स्वतंत्र फॅकल्टी सुरू झाली. मार्कंड भट्ट तिचे पहिले अधिष्ठाता, शिल्पविभाग शंखो चौधरी यांच्याकडे, आणि चित्रविभाग बेंद्रे यांच्याकडे. पुढच्या वर्षी के. जी. सुब्रमण्यन येऊन मिळाले. शंखो चौधरी आणि सुब्रमण्यन हे दोघेही शांतिनिकेतनचे विद्यार्थी, हे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे.

येथे मिळणारी पदवी होती बी.ए. (फाइन). आपली तीच दोन अक्षरे, फक्त पुढे कंस. त्या कंसाचे महत्त्व आज कळणार नाही. तोपर्यंत आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चित्रकार म्हणजे पदविकाधारक कारागीर, आणि विद्यापीठाच्या अंगणात त्याला जागा नाही अशी स्थिती होती. आता चित्रकलेचा विद्यार्थी आणि तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी एकाच पदवीदान समारंभात एकाच रांगेत उभे राहू लागले. बेंद्रे यांना पूर्वी ज्या दोन गोष्टी दोन गावांत जाऊन वेगवेगळ्या घ्याव्या लागल्या होत्या, त्या त्यांच्या विद्यार्थ्यांना एका जागी मिळू लागल्या. कलेचा इतिहासही तेथे अभ्यासाचा भाग होता. म्हणजे हातही चालला पाहिजे आणि डोकेही.

बेंद्रे वर्गात शिकवीत कसे? त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते, ती म्हणजे ते मुलांसमोर उभे राहून चित्र काढीत. जलरंग असो, तैलरंग असो, समोर माणूस बसवून काढलेले व्यक्तिचित्र असो, त्यांचा हात अतिशय तयारीचा होता. कोऱ्या कागदावर पहिला फटकारा कोठे पडतो, चुकला तर काय करावयाचे, कोठे थांबावयाचे, हे सारे मुले डोळ्यांनी पाहत. आपण कला शाखेचे विद्यार्थी शिक्षकांना काय करताना पाहतो? शिकवताना पाहतो, हजेरी घेताना पाहतो, पर्यवेक्षण करताना पाहतो. पण ज्या विषयाचे ते शिक्षक, तो विषय स्वत: करताना पाहतो का? निबंधाचा पहिला परिच्छेद खोडून दुसऱ्यांदा लिहिणारे प्राध्यापक मी पाहिलेले नाहीत. ते खोडतच नाहीत असे मला कित्येक महिने वाटत असे. ज्यांच्या घरात लिहिणारे कोणी नाही त्यांना हे ठाऊक असण्याचा मार्ग तरी कोणता? (माझ्या गुरुजनांनी हे वाक्य तक्रार म्हणून वाचू नये. विनंती म्हणून वाचल्यास हरकत नाही.)

१९५५ साली दिल्लीच्या ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार बेंद्रे यांना मिळाला. चित्राचे नाव ‘काटा’. पायात रुतलेला काटा! हा विषय निवडणारा माणूस मला एकदम जवळचा वाटला. कारण काटा काढण्याचे काम आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी चालते. सुई, दिव्याचा उजेड आणि वर रुईचा चीक. त्या घरगुती प्रसंगाला त्यांनी युरोपातून आणलेल्या त्या कोनाकोनांच्या आकारांत बसवले आहे. मी चित्र पाहिले ते छापील, तळहाताएवढे. तरीही शरीराचा तो ताठरपणा जाणवतो.

आणि मग १९५६. आता माझ्या मूळ विषयावर येते. त्या वर्षी बडोद्यात बेंद्रे यांच्या पुढाकाराने ‘बडोदा ग्रुप’ स्थापन झाला आणि त्याची प्रदर्शने भरू लागली. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी तेव्हा अवघी चार वर्षांची होती. चित्रकारांचे गट त्यापूर्वीही होऊन गेले होते. पण ते समवयस्क मित्रांचे गट असत. मुंबईचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप घ्या : सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे, सारे बरोबरीचे. बडोद्याच्या गटात एका बाजूला शिक्षक होते आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे विद्यार्थी, काही नुकतेच उत्तीर्ण झालेले, काही अजून शिकत असलेले. बेंद्रे तेव्हा ४६ वर्षांचे, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले. सुब्रमण्यन ३२ वर्षांचे. काश्मीरहून शिकावयास आलेले गुलाम रसूल संतोष २७ चे, शांती दवे २५ चे, ज्योती भट्ट २२ चे आणि रतन परिमू तर अवघे वीस. म्हणजे माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठे.

या वयांकडे पाहत मी बराच वेळ बसले होते. प्रदर्शनाच्या भिंतीवर चित्राखाली नाव असते, पद नसते. पाहावयास येणाऱ्या माणसाला हा विभागप्रमुख आणि तो त्याचा विद्यार्थी हे सांगावयास कोणी उभे नसते. तो आपला डोळ्यांना आवडेल त्या चित्रापुढे थांबतो. विसाव्या वर्षीच्या मुलाच्या चित्रापुढे माणसे थांबली आणि गुरूच्या चित्रापुढून पुढे सरकली, तर? ज्याच्या हातात गुण आहेत त्याने मुलाचे चित्र तपासणे वेगळे, आणि आपलेच चित्र त्याच्या शेजारी टांगून दोघांनीही तिऱ्हाइताच्या डोळ्यांपुढे उभे राहणे वेगळे. मुलाला गमावण्यासारखे फारसे नसते, तो विद्यार्थीच आहे. धोका असतो तो गुरूला. सुवर्णपदक आणि राष्ट्रीय पुरस्कार घरात असताना हा धोका पत्करण्याचे बेंद्रे यांना काहीच कारण नव्हते. मुलांचे प्रदर्शन आपण उद्‌घाटन करून, पाठ थोपटून मोकळे होऊ शकलो असतो, हे त्यांनाही कळत असणारच.

आपल्या स्नेहसंमेलनात रांगोळी, चित्रे, हस्तकला यांचे प्रदर्शन असते. प्राध्यापक येतात, फीत कापली जाते, परीक्षण होते, क्रमांक लागतात. प्राध्यापकांपैकी कोणी कधी आपले एखादे चित्र, एखादी कविता, एखादी रांगोळी आमच्या शेजारी ठेवल्याचे स्मरत नाही. आपल्याकडे उत्तम चित्र काढणारे एक सर आहेत हे मला शिपाईमामांकडून कळले! बेंद्रे यांच्या चरित्रातून काही घ्यावयाचे झाल्यास येत्या संमेलनात एका भिंतीवर दोघांचीही चित्रे लागावीत, क्रमांक नकोत, अशी माझी सूचना आहे. पहिल्या मजल्याच्या जिन्याजवळची भिंत रिकामीच असते.

या गटाविषयी सगळेच चांगले बोलले गेले असे नाही. मोठ्या झाडाच्या सावलीत रोप खुरटते, तसे बेंद्रे यांच्या शैलीची छाप विद्यार्थ्यांवर फार पडली, काही काळ बडोद्यात जो तो कोनाकोनांचीच चित्रे काढी, असा आक्षेप घेतला गेला. आक्षेपात तथ्य असावे. जो शिक्षक समोर उभा राहून इतक्या सफाईने करून दाखवतो, त्याची नक्कल करण्याचा मोह कोणाला होणार नाही? पण त्याच भिंतीवरची ती मुले पुढे कोठे गेली ते पाहावे. संतोष तांत्रिक प्रतीकांकडे वळले, शांती दवे मेणाच्या आणि जाड पोताच्या अमूर्त चित्रांकडे, ज्योती भट्ट मुद्राचित्रणाकडे आणि खेड्यापाड्यांतील भिंतीचित्रांचे फोटो काढण्याकडे, परिमू कलेच्या इतिहासलेखनाकडे. एकही दुसरा बेंद्रे झाला नाही. गट काही वर्षांनी थांबला. ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, हिंमत शाह अशा तरुणांनी १९६२-६३ मध्ये ‘ग्रुप १८९०’ या नव्या गटातून वेगळी वाट धरली, आणि त्या गटात बेंद्रे नव्हते. मला वाटते, गुरूला वगळून जाता येण्याइतके बळ विद्यार्थ्यांना आले ही गोष्ट गुरूच्या हिशेबात जमेच्या बाजूला मांडावी लागेल.

१९५९ मध्ये बेंद्रे फॅकल्टीचे अधिष्ठाता झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १९६१ च्या सुमारास, तेथे ‘फाइन आर्ट्स फेअर’ सुरू झाली. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, मुखवटे, बाहुल्या, मातीची भांडी तयार करीत आणि गावाला बोलावून विकीत. आमच्याकडच्या जत्रेसारखेच. ज्यांच्या चित्रांची दिल्लीत चर्चा होते ती माणसे लहान मुलांसाठी लाकडी घोडे रंगवीत बसत, हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. वर्षाच्या अखेरीस परीक्षेसाठी विद्यार्थ्यांनी केलेली कामे खोल्याखोल्यांतून मांडावयाची, ही रीतही तेथे रुजली. तिला पुढे वाईट दिवसही पाहावे लागले. मे २००७ मध्ये परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या चित्रांवरून वादळ उठले, बाहेरची माणसे आत शिरली, विद्यार्थ्याला अटक झाली, आणि विद्यार्थ्याच्या बाजूने उभे राहिलेले अधिष्ठाता शिवजी पणिक्कर यांना निलंबित व्हावे लागले. त्या चित्रांच्या बऱ्यावाइटाचा निवाडा येथे करावयाचा नाही. बेंद्रे तोपर्यंत जाऊन पंधरा वर्षे झाली होती. पण शिक्षकाने विद्यार्थ्याच्या शेजारी उभे राहावयाचे म्हणजे किती दूरवर जाऊन उभे राहावयाचे, हा प्रश्न त्याच आवारात पुन्हा एकदा, आणि फार महाग होऊन, विचारला गेला.

१९६६ मध्ये बेंद्रे यांनी राजीनामा दिला आणि ते मुंबईस आले. नोकरीची काही वर्षे शिल्लक होती. त्यानंतर त्यांनी पुन्हा नोकरी धरली नाही, केवळ चित्रे काढली. १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १९७४ मध्ये ललित कला अकादमीचे सदस्यत्व. या मुंबईच्या काळातील त्यांची शैली निराळीच आहे. फटकारे गेले, कोन गेले, आणि ठिपके आले. लहान लहान रंगीत ठिपक्यांनी भरलेली ही चित्रे धुक्यातून किंवा सकाळच्या कोवळ्या उन्हातून पाहिल्यासारखी दिसतात. विषय पुन्हा गावच्याच बाया : डोईवर घागर घेतलेल्या, फळे विकणाऱ्या, गाईजवळ बसलेल्या, एकमेकींशी हितगुज करणाऱ्या. लोकांनी या चित्रांवर फार प्रेम केले आणि ती घरोघर लागली.

माझे मात्र येथे थोडे अडते. या बायांच्या माना फार उंच आणि हात फार नाजूक आहेत. त्यांच्या साडीला चिखल लागत नाही. माझी आई कांद्याच्या खुरपणीला जाते, आणि तिचे हात या चित्रांत मला कोठे सापडत नाहीत. एकदा मोबाइलवर मी तिला यांतले एक चित्र दाखवले. तिने ते बराच वेळ पाहिले आणि घागर भरलेली असेल तर मान अशी राहत नाही, एवढाच अभिप्राय दिला. पण चित्र बंद करू दिले नाही. रंग पाहत राहिली. ‘काटा’ काढणारे बेंद्रे मला अधिक मोठे वाटतात, आणि ठिपक्यांचे बेंद्रे आईला आवडले. त्यांच्या चित्रांचे समीक्षक काय म्हणतात ते मी वाचले आहे, परंतु भरलेल्या घागरीची हरकत कोणी घेतलेली मला तरी आढळली नाही.

जानेवारी १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले, आणि फेब्रुवारीत, वयाच्या ८१ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. १९५६ च्या त्या प्रदर्शनातले बावीस वर्षांचे ज्योती भट्ट त्या वेळेपर्यंत बडोद्याच्या फॅकल्टीत तीसहून अधिक वर्षे शिकवून पन्नाशीपलीकडे गेले होते, आणि त्यांचे विद्यार्थी उन्हाळा आला की खोल्याखोल्यांतून आपली कामे मांडीत होते.